तासावरच्या मॅडम

नव्या वर्गात पहिल्या दिवशी मंजुळा शेंडगे इंग्रजीचा एक शब्दही बोलत नसे. खडू टेबलावर ठेवायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "आज काही शिकायचं नाही. आज फक्त आपलं नाव सांगायचं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे." कन्नड, सिल्लोड, अंबडकडून डिप्लोमाला आलेली ती मुलं. शेतात बापाला हाक मारताना ज्यांचा आवाज दोन बांध ओलांडून जाई, त्यांचाच आवाज वर्गात आडनावापाशी येऊन विरून जायचा. मग मंजुळा म्हणे, "पुन्हा. नाव घरून आणलंय, चोरून नाही आणलेलं." मुलं हसायची आणि दुसऱ्या खेपेला थोडी धीट व्हायची.

तिच्या विषयाचं नाव कम्युनिकेशन स्किल्स. तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. बीड बायपासकडच्या एका खासगी तंत्रनिकेतनात ती हा विषय शिकवायची, आणि शिकवायची ती तासावर. म्हणजे घंटा झाली, वर्गात उभं राहिलं, तर त्या तासाचे पैसे. दिवाळीची सुट्टी, गॅदरिंग, परीक्षा, मे महिना, या काळात वर्ग नाहीत म्हणून पैसेही नाहीत. महिनाअखेरी तासांचं बिल भरायचं, त्यावर विभागप्रमुखांची सही घ्यायची, आणि ते कधी पास होईल याची वाट बघायची. कॉलेजात तिला धरून असे चौघं होते. शिपाई त्यांना 'तासावरचे सर' आणि 'तासावरच्या मॅडम' म्हणत. त्यात कुचेष्टा नसे. ओळख पटावी म्हणून म्हणत इतकंच.

मंजुळाला या पद्धतीचं नवल कधी वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. तिचा जन्म वाड्यावरचा. मेंढपाळांची पाच-सहा बिऱ्हाडं मिळून फिरतात, त्या फिरत्या तळाला वाडा म्हणतात. दिवाळी सरली की तिच्या आईबापाचा वाडा निघायचा. घोड्याच्या पाठीवर संसार आणि जाळीत बांधलेली कोकरं. आज या शेतात मुक्काम, उद्या त्या शेतात. मेंढ्या रात्रभर शेतात बसल्या की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी रातीमागे ज्वारी द्यायचा, वर कधी चहा-साखर. रात बसली तर धान्य, नाही बसली तर नाही. कॉलेजातली पद्धत पहिल्यांदा कळली तेव्हा मंजुळा मनात म्हणाली, म्हणजे आपल्यासारखंच की.

पण वाड्याची आणखी एक रीत होती. किती राती, किती धान्य, हे बोलायला शेतकऱ्याच्या दारात एकच माणूस जायचा, वाड्याचा कारभारी. बाकीचे बांधावर थांबायचे. मंजुळाचे वडील कडूबा हे त्यांच्या वाड्याचे कारभारी होते. एकदा एक तरणा मेंढका थेट शेतकऱ्याकडे गेला आणि आपल्या कळपापुरतं वेगळं ठरवून आला. कडूबा त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी डोईचं पागोटं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं आणि दुसरीकडे बघत बसले. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माणसाच्या चुलीवर कुणी विस्तव मागायला गेलं नाही. "कारभाऱ्याच्या डोक्यावरून बोलला," एवढंच बायका एकमेकींत म्हणाल्या. मंजुळा तेव्हा आईच्या मांडीशी बसलेली होती. पुढे तिला नन्सच्या वसतिगृहात घातलं. तिथल्या सिस्टर लुसींनी तिला इंग्रजी दिलं, ताठ उभं राहायला शिकवलं. एम.ए. झाली, आत्याच्या मुलाशी, बन्सीशी, लग्न झालं, मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं घर झालं. पण मांडीशी बसून पाहिलेलं ते तसंच राहिलं.

कॉलेजात ती रुजू झाली त्या दिवशी पहिल्या वर्षाचे विभागप्रमुख काकासाहेब औताडे सर तिला म्हणाले होते, "काही लागलं तर मला सांगा, मॅडम. वर बोलायचं असेल ते मी बोलतो." सर गणित शिकवायचे. भल्या मनाचा माणूस. नव्या माणसाला बरं वाटावं म्हणून ते सगळ्यांनाच असं म्हणत आणि विसरून जात. मंजुळाने मात्र ते शब्द जसेच्या तसे उचलून ठेवले. कारभारी मिळाला. आता आपण बांधावर थांबायचं.

अशी नऊ वर्षं गेली.

त्या काळात बाकीचे तासावरचे येत आणि जात. जाणारे प्राचार्यांना भेटत, अर्ज करत, कुणी भांडतही. मंजुळाला त्यांची लाज वाटायची, सरांच्या वतीने. आणि सर काय समजत होते? मॅडमचे यजमान वाळूजला कंपनीत आहेत, घर चाललंय, शिकवायची हौस आहे म्हणून येतात. मागत नाहीत त्या अर्थी गरज नसेल. दोघंही एकमेकांविषयी चांगलंच चिंतत होते.

त्या वर्षीच्या मे महिन्यात बन्सीच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. मुलीची शाळा बदलायची होती. जून लागला आणि क्रांती चौकातल्या एका ट्रेनिंग सेंटरने मंजुळाला विचारलं. महिन्याचा ठोक पगार, बाराही महिने. नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घ्यायची, तीन-तीन आठवड्यांच्या बॅचेस. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

बन्सी शिफ्टच्या बसमधून उतरून घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "मग? कळवलं का?"

"नाही अजून."

"अगं, तुझ्या त्या पुस्तकात धडाच आहे ना? मुलाखतीत पगाराचं विचारलं तर काय बोलावं. पोरांना शिकवतेस, तुलाच येत नाही होय?"

"पोरांना त्यांचं बोलायचं असतं."

"आणि तुला कुणाचं बोलायचंय?"

मंजुळाने डबा धुवायला घेतला. तिला जायचं नव्हतं. सेंटरमध्ये येणारी मुलं फी भरून येत, त्यांना नाव सांगता येत असे. ज्यांना येत नव्हतं ती तिकडे बायपासला होती, आणि जूनअखेर पुन्हा नवी येणार होती. पण नुसतं जायचं नाही म्हणून मुलीची फी भरली जात नाही, हेही तिला कळत होतं. त्यातच कानावर आलं होतं की यंदा त्यांच्या विभागात ठोक पगाराची एक जागा निघतेय, आणि सरांनी पैठणहून आलेल्या, तासावरच्याच नव्या मुलाचं नाव दिलंय. तो येऊन वर्षच झालं होतं. मंजुळाला राग आला नाही. तिला एवढंच वाटलं की कारभाऱ्याने विचार करूनच दिलं असेल, आपली पाळी नसेल. आणि मग आपलं इथलं संपलं.

रात्रीची भाकरी झाल्यावर तिने आईला सांगितलं. बानाबाई आता लेकीकडेच असायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निघायचं तर निघ बाई. पन कारभाऱ्याला सांगितलं का?"

"राजीनामा लिहून देईन की, माय."

"कागूद वायला. सांगितलं का? तोंडानं?"

"नाय."

"मंग कसं? असं मुकाट्यानं उठून गेल्यावर मागं काय म्हंतील? नऊ वरसं बसलीस त्याच्या वाड्यात. तांब्या न्यायला पायजे."

तांब्या म्हणजे दुधाचा. बिऱ्हाड वाडा सोडून निघालं की आधी कारभाऱ्याच्या पालापुढे दुधाचा तांब्या नेऊन ठेवायचा. शेत सोडताना कारभारी तोच मान शेतकऱ्याला द्यायचा. बन्सी भिंतीला टेकून हसत होता. "मामी, ते सर उस्मानपुऱ्यात फ्लॅटमध्ये राहतात. तिसऱ्या मजल्यावर. तिकडं दूध पिशवीतून येतं."

"मंग तांब्यातून आल्यावर लई गोड लागंल," बानाबाई म्हणाली.

मेंढीचं दूध मुकुंदवाडीत कुठून मिळणार? रेल्वे स्टेशनच्या पलीकडे एका बाईच्या दारात शेळ्या होत्या. रविवारी सकाळी बानाबाई स्वतः जाऊन दूध घेऊन आली. तांब्यावर वाटी, वाटीवर फडकं, फडक्याला गाठ. रिक्षात मंजुळाने तो मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. खड्डा आला की दूध डचमळायचं आणि ती फडक्याची गाठ चाचपायची. एम.ए. झालेली बाई शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन आपल्या साहेबांकडे निघालीय, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलं तर काय वाटेल, असंही तिच्या मनात आलं. मग तिने पदर तांब्यावर ओढून घेतला.

दार सरांच्या पत्नीने उघडलं. "या, या मॅडम. हे काय आणलंत? खरवस का?"

"दूध आहे, वहिनी. शेळीचं."

वहिनींना काही कळेना, पण माणूस शहाणं. "बरं झालं," म्हणाल्या आणि आतून सरांना हाक मारली. सर बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. मंजुळाने तांब्या त्यांच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. सर तांब्याकडे बघत राहिले. फडक्याची गाठ बघितली. मग हळूच म्हणाले, "कुणाचा वाडा उठतोय?"

मंजुळाने चमकून वर पाहिलं.

"आमच्या शेतात बसायच्या मेंढ्या," सर म्हणाले. "हर्सूलच्या पलीकडं जमीन होती आमची. वाडा निघायच्या सकाळी असाच तांब्या यायचा ओसरीवर. आम्ही पोरं वाटच बघायचो. तुम्ही वाड्यावरच्या आहात, हे मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही, सर."

"बसा आधी. उभ्या काय? आणि उठतोय कोण?"

"मीच. दुसरीकडं ठोक पगार देतात, सर. सोमवारी कळवायचंय. म्हणून सांगायला आले."

सर खुर्चीत बसले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, पण त्यांचं लक्ष बाहेरच होतं. "जाताय? पगारासाठी? अहो मॅडम, नऊ वर्षांत एकदा तरी बोलायचं ना मला."

"तुम्ही बोलत होतात ना, सर."

"कुणाशी?"

"वर. आमच्यासाठी."

मंजुळाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे सरांना दिसत होतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा काढून डोळ्यांवर लावला. "आमच्या वडिलांशी एकटा कारभारीच बोलायचा," ते म्हणाले. "बाकीची माणसं लांब, बांधावर. मला वाटायचं, त्यांना काही बोलायचंच नसेल." मग म्हणाले, "मी तुमचं नाव वर कधी काढलंच नाही, मॅडम. एकदाही नाही. मला वाटलं, तुमचं भागतंय. तो पैठणचा दर आठवड्याला माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. त्याचं नाव मी कंटाळून दिलं."

"चांगला शिकवतो तो," मंजुळा म्हणाली.

"शिकवतो. पण तुमच्यासारखं नाही."

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. "खरं ते बोललात एकदाचं," असं नवऱ्याला म्हणून त्यांनी कप मंजुळाच्या हातात दिला. "घरी रोज सांगतात, शेंडगे मॅडमच्या वर्गात पोरं उड्या मारत जातात म्हणून. तिथं सांगायला काय झालं होतं?"

सरांनी मान खाली घातली. मंजुळा निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले. "उद्या कळवू नका कुणाला. आधी माझ्याबरोबर प्राचार्यांकडं चला. बोलायचं ते मी बोलतो. पण तुम्ही बांधावर थांबायचं नाही, माझ्या शेजारी बसायचं."

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत पंखा जोरात फिरत होता आणि टेबलावर प्रवेशाच्या फायलींचा ढीग होता. प्राचार्य माणूस म्हणून सरळ होते, पण घाईत. सरांनी सांगितलं ते थोडक्यात आणि नीट सांगितलं. मॅडमचं नाव मी आधीच द्यायला हवं होतं, ती माझी चूक, असंही म्हणाले. प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "जागा एकच आहे, औताडे सर. त्या मुलाला मी शब्द दिलाय. तो आता मागं घेता यायचा नाही." मग ते मंजुळाकडे वळले. "मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न तिला होता.

मला द्या, हे शब्द मंजुळाच्या जिभेवर येईनात. वर्षानुवर्षं हे शब्द तिने दुसऱ्यांच्या तोंडी घातले होते, उच्चार सुधारले होते, मान वर करायला लावली होती. तिला वडील आठवले. शेतकऱ्याच्या ओसरीवर ते कधी 'मला' म्हणाले नव्हते. तिथं ते 'आम्ही' म्हणत.

"आम्ही तासावरचे चौघं आहोत, सर," ती म्हणाली, आणि पुढचं आपोआप येत गेलं. "परीक्षेच्या दिवसांत आम्ही दिवसभर सुपरव्हिजनला असतो, तो दिवस कशातच धरला जात नाही. गॅदरिंगला मुलांची भाषणं आम्ही बसवून घेतो, तेही नाही. ते धरावं. त्या मुलाला जागा द्या, तो चांगला आहे. पण पहिल्या वर्षाच्या सगळ्या तुकड्या माझ्याकडं आहेत. मी गेले तर त्या उरलेल्या दोघांना वाटून द्याव्या लागतील. मग तुम्हाला तिसरा माणूस शोधावाच लागेल, आणि तो ठोक पगारच मागेल. तो मलाच द्या."

प्राचार्य तिच्याकडे बघत राहिले. मग औताडे सरांना म्हणाले, "या नऊ वर्षं गप्प होत्या म्हणता?"

"माझ्यामुळं," सर म्हणाले.

मग बरीच बोलणी झाली. प्राचार्यांनी संस्थेच्या कार्यालयात फोन लावला, अकाउंटंटला बोलावून घेतलं. सुपरव्हिजनचे दिवस धरायचं मान्य झालं. गॅदरिंगचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मंजुळाला ठोक पगार द्यायचा, पण दहा महिन्यांचा, कारण मे आणि जूनमध्ये वर्ग नसतात.

"जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर मीच बसते, सर," मंजुळा म्हणाली. "आत्तासुद्धा तिथूनच आले. आईबाप इंग्रजीतला फॉर्म घेऊन येतात, तो कोण समजावून सांगतं?"

अकाउंटंट हसला आणि त्याने प्राचार्यांकडे पाहिलं. "मग अकरा," प्राचार्य म्हणाले. "त्याच्यापुढं नाही, मॅडम. मे तुमचा तुम्ही बघा."

"मे बघू आम्ही," मंजुळा म्हणाली.

सेंटरमध्ये मिळणार होता त्याहून हा पगार कमीच होता. पण महिन्याच्या महिन्याला येणारा होता, आणि तिथं राहू देणारा होता. सर तिच्याबरोबर जिना उतरले. खालच्या पायरीवर थांबून म्हणाले, "मी बोलतो म्हणालो होतो. बोललं कोण?"

"तुम्ही बरोबर होतात, सर. एकटी असते तर खोलीतच शिरले नसते."

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय."

"माहितीय."

"मग?"

"मग तासावरच्या उरलेल्या दोघांना घेऊन मी येईन वर," मंजुळा म्हणाली. "त्यांचं अजून व्हायचंय."

व्हरांड्यात उभं राहून तिने सेंटरला फोन केला. येता येणार नाही म्हणाली, आभार मानले. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आकड्याचं असेल तर थोडं वाढवता येईल." मंजुळाला हसू आलं. इतकी वर्षं कुणी आकड्याचं बोललं नव्हतं, आणि आज एकाच दिवसात दोघं. "आकड्याचं नाही," ती म्हणाली. "इथं ठरलंय माझं."

फोन ठेवून ती प्रवेशाच्या टेबलाकडे गेली. तिथे लांबलचक रांग लागली होती. सगळ्यात पुढे धोतर नेसलेला एक म्हातारा आपल्या नातीला घेऊन उभा होता. हातातला फॉर्म त्याने उलटा धरला होता. मंजुळाने खुर्ची ओढली, त्याच्या हातातून फॉर्म घेतला आणि म्हणाली, "बसा बाबा. कुठून आलात?"